सत्यप्रतीतले सत्य

स्वतःचा जन्म कोणालाच आठवत नाही. तो कधी झाला, कुठे झाला, कोणाच्या पोटी झाला, हे प्रत्येकाला दुसऱ्या कोणीतरी सांगितलेले असते. तरीही शाळा, नोकरी, पासपोर्ट, पेन्शन आणि वारसाहक्क यांसाठी माणसाला सर्वांत आधी विचारली जाते ती हीच गोष्ट. ती सिद्ध करण्याची जबाबदारीही अशा माणसावर येते, ज्याला ती स्वतःहून ठाऊक असणे शक्यच नसते. अमेरिकेत यावरचा नेहमीचा मार्ग म्हणजे काउंटीच्या नोंदणी कार्यालयातून जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत काढणे. अर्ज, फी, ओळखपत्र आणि शिक्का एवढ्यात आटोपणारे हे काम आहे. पण त्या अर्जाच्या तळाशी ज्ञानमीमांसेतला एक फार जुना प्रश्न आहे: दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली गोष्ट ज्ञान केव्हा ठरते आणि तिला प्रामाण्य येते कुठून?

ख्रिस्ती परंपरेत हा प्रश्न नेमक्या जन्माच्याच उदाहरणाने संत ऑगस्टीनने मांडला. इसवी सन ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या थगास्ते गावी जन्मलेल्या या विचारवंताने आपल्या आत्मकथनाच्या सहाव्या भागात न पाहिलेल्या, तरी माणूस निःशंकपणे मानतो अशा गोष्टींची यादी केली आहे. कधी न गेलेली शहरे, होऊन गेलेल्या घटना, मित्रांचे आणि वैद्यांचे शब्द अशी ती यादी वाढत जाते आणि आईवडिलांपाशी येऊन थांबते. आपण कोणाची मुले आहोत याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते, आणि ते कळण्याचा मार्ग मात्र ऐकून विश्वास ठेवणे एवढा एकच असतो. ऑगस्टीनने यावरून धर्मश्रद्धेच्या बाजूने युक्तिवाद केला. तो युक्तिवाद पटो वा न पटो, निरीक्षण बिनतोड आहे.

भारतीय दर्शनांत हाच प्रश्न शब्दप्रमाणाच्या नावाने चर्चिला गेला. चार्वाकांना प्रत्यक्षापलीकडचे प्रमाण मान्य नव्हते. वैशेषिक आणि बौद्ध तार्किक शब्दाला स्वतंत्र स्थान न देता अनुमानात बसवीत. न्यायदर्शनाने मात्र शब्दाला चौथे स्वतंत्र प्रमाण मानले आणि अट घातली की तो आप्ताचा शब्द असावा. आप्त म्हणजे नातलग हा मराठीतला अर्थ येथे बाजूला ठेवावा लागतो. भाष्यकार वात्स्यायनाच्या मते ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जी जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही त्याने स्पष्ट केले. प्रामाण्य जातीत किंवा पदात नसून वस्तूशी आलेल्या थेट संबंधात आणि प्रामाणिकपणात आहे, असा याचा अर्थ होतो. जन्मदाखल्याचा विचार करताना ही कसोटी फार उपयोगी पडते, कारण दाखल्यावर सही करणारा अधिकारी जन्माच्या वेळी तिथे नव्हता.

अमेरिकेत जन्मनोंदणी हे केंद्र सरकारचे काम नाही. ५० राज्ये, वॉशिंग्टन डीसी, न्यूयॉर्क शहर आणि पाच प्रदेश अशा मिळून ५७ स्वतंत्र नोंदणी यंत्रणा तिथे आहेत. कॅलिफोर्नियात १ जुलै १९०५ पासून राज्यव्यापी नोंद आहे. त्याआधीच्या जन्मांच्या नोंदी असल्याच, तर काउंटी रेकॉर्डरच्या जुन्या वह्यांत सापडतात. लॉस एंजलिस काउंटीत जन्मलेला माणूस नॉरवॉक इथल्या काउंटी कार्यालयात किंवा राज्याच्या आरोग्य खात्याकडे अर्ज करू शकतो. अर्जात पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, वडिलांचे नाव आणि आईचे माहेरचे नाव द्यावे लागते. प्रमाणित प्रत हवी असेल तर सोबत शपथेवर केलेले निवेदनही लागते: मागणारा स्वतः नोंदीतली व्यक्ती आहे, किंवा तिचा पालक, अपत्य, भावंड, आजी-आजोबा, नातवंड, जोडीदार वगैरे आहे. खोटे सांगितल्यास शिक्षा होऊ शकते हे मान्य करून सही करायची. टपालाने अर्ज करणाऱ्याला ती सही नोटरीसमोर करावी लागते.

येथे तर्कशास्त्राला परिचित असलेला एक पेच दिसतो. आपण कोण हे सिद्ध करणारा कागद मिळावा म्हणून आपण कोण हे आधी शपथेवर सांगावे लागते. नोटरी ओळखपत्र मागतो. २००५ च्या रिअल आयडी कायद्यानुसार दिले जाणारे ओळखपत्र काढायला गेले, तर तिथे बहुधा जन्मदाखलाच पुढे करावा लागतो. नैयायिक अशा रचनेला अन्योन्याश्रय म्हणतात: पहिले दुसऱ्यावर टेकलेले, दुसरे पहिल्यावर. शुद्ध तर्कात हा दोष आहे. व्यवहारात मात्र वर्तुळ कुठेतरी तुटते आणि जिथे तुटते तिथे नेहमी एक माणूस उभा असतो, शपथ घेणारा किंवा त्याला ओळखणारा. घर जळाल्यामुळे किंवा बेघर झाल्यामुळे ज्यांच्याकडे एकही कागद उरत नाही, त्यांना हा पेच पुस्तकातला वाटत नाही. मदत करणाऱ्या संस्थांचे कितीतरी श्रम ते वर्तुळ कुठे तोडता येईल हे शोधण्यातच जातात.

हाती पडणाऱ्या कागदाची जडणघडण पाहिली की त्यात साक्षींचे थर दिसतात. सर्वांत खाली प्रसूतीच्या खोलीत असलेली माणसे: आई, डॉक्टर किंवा सुईण. मूळ दाखल्यावर माहिती देणाऱ्याचे नाव असते आणि तो बहुधा आई किंवा वडील असतो. अमुक तारखेला जिवंत मूल जन्मले, असे प्रसूती करणारा किंवा रुग्णालयाचा अधिकृत माणूस प्रमाणित करतो. स्थानिक निबंधक तो कागद स्वीकारून तारीख घालतो. काउंटी तो जपून ठेवते. शेवटी अनेक वर्षांनी खिडकीमागचा कर्मचारी त्याची नक्कल काढून तिच्यावर शिक्का मारतो. वात्स्यायनाची कसोटी लावली तर जन्माच्या बाबतीत आप्त ठरतात ती फक्त खालच्या थरातली माणसे. वरच्या प्रत्येक थराचे ज्ञान त्याच्या खालच्या कागदापुरते आहे. कर्मचारी आप्त आहे खरा, पण जन्माबाबत नव्हे, नोंदीच्या पानाबाबत. ते पान त्याने डोळ्यांनी पाहिले आणि जसे पाहिले तसे उतरवले.

मराठी कचेऱ्यांतल्या ‘सत्यप्रत’ या शब्दात हा भेद नेमका पकडला गेला आहे. त्यातले सत्य प्रतीचे आहे, घटनेचे नाही. मूळ नोंदीत चूक असेल तर सत्यप्रत ती चूक इमानाने पुढे नेते आणि तसे करण्यातच तिचा खरेपणा असतो. मुलीच्या नावातले एक अक्षर १९५२ मध्ये चुकले असेल, तर आजची निर्दोष प्रतही तेच चुकलेले अक्षर दाखवील. दुरुस्तीची वाट वेगळी असते. तिथे पुन्हा प्रतिज्ञापत्रे लागतात, म्हणजे पुन्हा माणसांचे शब्द.

नकलेच्या प्रामाण्याचा विचार जॉन लॉक याने सतराव्या शतकाच्या अखेरीस मानवी आकलनावरील आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात केला. इंग्लंडच्या कायद्यात मूळ नोंदीची साक्षांकित नक्कल पुरावा म्हणून चालते, पण नकलेची नक्कल कितीही साक्षांकित असली तरी न्यायालयात चालत नाही, याकडे त्याने लक्ष वेधले आणि तो नियम शहाणपणाचा मानला. मूळ सत्यापासून साक्ष जितकी दूर जाईल तितकी ती क्षीण होते. सांगोवांगी प्रत्येक तोंडातून जाताना बळ गमावते, मिळवत नाही. परंपरेने चालत आलेली गोष्ट जुनी म्हणून अधिक खात्रीची, हा समज त्याला धोकादायक वाटत होता. काउंटी कार्यालयात आजही लॉकचाच नियम चालतो. घरच्या कपाटातल्या प्रमाणित प्रतीची झेरॉक्स, नोटरीने सही केलेली असली तरी, पासपोर्टसाठी प्रमाणित प्रतीच्या जागी चालत नाही. प्रत्येक वेळी मूळ नोंदीकडे परत जावे लागते, म्हणजे साक्षीची साखळी एका कडीपेक्षा लांबत नाही.

याच कारणाने कॅलिफोर्नियाच्या कायद्याने कागदाचेही नियम घालून दिले आहेत. प्रमाणित प्रत रसायनांना संवेदनशील अशा सुरक्षा कागदावर, नोटांसारख्या उठावदार छपाईत निघते. तिच्यावर ती दिल्याची तारीख, अधिकाऱ्याची सही आणि कार्यालयाचा शिक्का असतो. २००३ पासून तिथे आणखी एक भेद आला. वर सांगितलेल्या नात्यांपैकी कोणी नसलेल्या माणसालाही दाखल्याची प्रत मिळू शकते, पण ती केवळ माहितीसाठी असते आणि ओळख सिद्ध करण्यासाठी वैध नाही असे तिच्यावर ठळक छापलेले असते. दोन्ही प्रतींतली नावे, तारीख आणि गाव तेच, कार्यालयही तेच. केवळ मजकुराचा विचार केला तर दोन्हींतून होणारे ज्ञान एकच आहे. तरी एक पुरावा ठरते आणि दुसरी ठरत नाही. यातून दिसते की दाखल्याचे दोन स्वतंत्र धर्म आहेत: तो काहीतरी सांगतो, आणि तो कोणालातरी काही करण्याचा अधिकार देतो. ओळख चोरली जाऊ नये म्हणून कायद्याने दुसरा धर्म आवळला आणि पहिला सैल ठेवला. हा निर्णय समंजस म्हणावा लागेल.

न्यायालयाचा दृष्टिकोन तत्त्वज्ञानाच्या आणखी जवळ जातो. अमेरिकी कायद्यात सांगोवांगी पुरावा एरवी वर्ज्य आहे, पण जन्माच्या बाबतीत तो नियम जागोजागी वाकतो. १९७५ पासून अमलात असलेल्या फेडरल पुरावा नियमांत अपवादांची एक लांब रांग आहे. कायद्याने नोंदवणे भाग असलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, धार्मिक संस्थांच्या वह्यांतल्या नोंदी, बाप्तिस्म्याचे दाखले, घराण्यातल्या बायबलच्या पानांवर लिहिलेल्या तारखा, अंगठीवर कोरलेली अक्षरे, थडग्यावरचे लेख, एवढेच काय, कुटुंबात एखाद्याच्या जन्माबद्दल चालत आलेली बोलवा, हे सर्व ग्राह्य आहे. सर्वांत लक्षणीय तरतूद स्वतःच्या जन्माबद्दल माणसाने केलेल्या विधानाची आहे. ते विधान करणारा हजर होऊ शकत नसेल तेव्हा ते स्वीकारता येते, आणि त्याला ती गोष्ट प्रत्यक्ष जाणण्याचा कोणताही मार्ग नव्हता म्हणून ते नाकारू नये, असे नियमच सांगतो. ऑगस्टीनचे निरीक्षण येथे कायद्याच्या कलमात उतरले आहे. या बाबतीत ऐकीव ज्ञानावाचून दुसरे ज्ञानच नाही, हे कायद्याने ओळखले आणि अशक्य कोटीची मागणी सोडून दिली.

कॅलिफोर्नियात जन्मानंतर एका वर्षाच्या आत नोंदलेल्या दाखल्याची प्रमाणित प्रत प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते: विरुद्ध पुरावा येईपर्यंत ती खरी धरायची. हे मीमांसकांच्या स्वतःप्रामाण्यवादाशी जुळते. कुमारिल भट्टाच्या परंपरेत ज्ञान उत्पन्न होतानाच प्रमाण मानले जाते. ते खोटे ठरवण्यासाठी बाधक ज्ञान किंवा कारणातला दोष दाखवावा लागतो. नैयायिक उलट म्हणतात की प्रामाण्य बाहेरून, तपासून ठरते. नोंदणी कार्यालय मीमांसकाच्या बाजूचे आहे आणि त्याला तसे असावेच लागते. प्रत्येक दाखला मुळापासून तपासायचा म्हटले तर तपासासाठी पुन्हा दुसरी साक्ष लागेल, तिच्यासाठी तिसरी, आणि ही अनवस्था कुठेच थांबणार नाही. उशिरा केलेल्या नोंदीच्या बाबतीत मात्र पासपोर्ट कार्यालय नैयायिक होते. दाखला एक वर्षानंतर नोंदलेला असेल तर तो कोणत्या आधारावर नोंदला, हे पाहिले जाते. घटनेजवळची साक्ष सहज मानायची आणि लांबची पारखायची, हा मध्यममार्ग दोन्ही दर्शनांचा मान राखतो.

नोंद कशाची करायची, हा प्रश्न धर्माच्या इतिहासाशी जोडलेला आहे. इंग्लंडमध्ये १५३८ साली थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशला वही ठेवण्याचा हुकूम दिला. त्या वहीत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या तीन विधींची नोंद होई. बाप्तिस्म्याआधी दगावलेले बाळ वहीत येत नसे. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६३९ मध्ये हे बदलले आणि विधींऐवजी जन्म, विवाह आणि मृत्यू या घटना नोंदवायच्या असे ठरवले. वसाहत कट्टर प्युरिटनांची होती, त्यामुळे हा बदल धर्माविषयीच्या उदासीनतेतून आलेला नव्हे. तरी त्याचा परिणाम खोल झाला. माणूस कोणत्या समुदायात स्वीकारला गेला हे आधीची वही सांगत असे. नवी वही तो जगात आला एवढेच सांगू लागली. संस्कार झालेला आणि न झालेला, दोघेही तिच्यात सारख्याच ओळीत आले. मराठी घरांत बारशाला आणि पत्रिकेला असलेले स्थान आठवले तर हा भेद सहज कळतो. बारसे नाव देते, पत्रिका जन्मवेळेचा अर्थ लावते. नगरपालिकेचा दाखला यांपैकी काहीही करत नाही.

अमेरिकेत राष्ट्रव्यापी नोंदणी मात्र फार सावकाश आली. जन्मनोंदणी क्षेत्र, म्हणजे या नोंदणीत सामील झालेल्या राज्यांचा गट, १९१५ मध्ये दहा राज्ये आणि वॉशिंग्टन डीसी यांना घेऊन सुरू झाले. १९३३ मध्ये टेक्सास आत आले तेव्हा मुख्य भूमीवरची राज्ये पूर्ण झाली. अशा नोंदणीची निकड मुलांच्या भल्यासाठी झगडणाऱ्यांनी निर्माण केली होती. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या चिल्ड्रेन्स ब्यूरोने सुरुवातीलाच जन्मनोंदणीची मोहीम हाती घेतली, कारण वय सिद्ध झाल्याशिवाय गिरणीतल्या मुलाला बालकामगार ठरवता येत नव्हते आणि जन्म नोंदला नसेल तर अर्भकमृत्यूचा दर काढता येत नव्हता. कागदाला माणसाचे शत्रू समजण्याची एक सोपी सवय आहे. त्या मुलांसाठी कागद हे संरक्षण होते, हे विसरून चालणार नाही.

नोंदच नसेल तेव्हा काय, या टोकाला प्रश्न सर्वांत उघडा पडतो. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ग्रामीण भागांत सुईणींच्या हाती जन्मलेल्या अनेकांची, विशेषतः कृष्णवर्णीयांची, नोंद झाली नव्हती. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वयाचा आणि दुसऱ्या महायुद्धातल्या शस्त्रकारखान्यांनी नागरिकत्वाचा पुरावा मागितला, तेव्हा प्रौढ माणसे विलंबित दाखल्यांसाठी रांगा लावू लागली. आजही नोंद सापडली नाही तर कार्यालय तसे पत्र देते. त्या पत्रासोबत बाप्तिस्म्याचा दाखला, जुनी जनगणना, शाळेची नोंद, कुटुंबाचे बायबल आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्याचे प्रतिज्ञापत्र पासपोर्टसाठी देता येते. अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्या मागच्या पिढीतल्या मराठी माणसांना हा प्रसंग ओळखीचा आहे. भारतातला जन्ममृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. त्याआधी खेड्यात जन्मलेल्याकडे बहुधा शाळा सोडल्याचा दाखलाच असतो, आणि त्यावर गुरुजींनी प्रवेशाच्या सोयीने घातलेली १ जून ही तारीख असते. मग गावाकडून अनुपलब्धतेचे प्रमाणपत्र येते आणि मामा किंवा आत्या प्रतिज्ञापत्र करतात. ज्या आत्याने बाळाला पहिल्या दिवशी मांडीवर घेतले, तिची साक्ष न्यायशास्त्राच्या दृष्टीने कोणत्याही शिक्क्यापेक्षा वरची आहे. पाश्चात्त्य प्रशासनाने तिला दुय्यम पुरावा म्हटले आहे. क्रम उलटा आहे, पण तो समजण्यासारखा आहे: कागद मरत नाही, विसरत नाही आणि भाच्यावर माया करत नाही.

कागदही मरतो, हे १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोने पाहिले. भूकंपानंतर लागलेल्या आगीत शहराच्या जन्मनोंदी जळाल्या. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी होती, पण अमेरिकेत जन्मलेला चिनी माणूस नागरिक असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने वाँग किम आर्क खटल्यात १८९८ मध्ये ठरवले होते. नोंदी गेल्यावर आपला जन्म याच शहरातला, असे सांगणाऱ्याला खोटे पाडणे अवघड झाले. नागरिक ठरलेल्यांनी चीनमधल्या मुलग्यांची नावे नोंदवली आणि त्यांतली काही नावे नात्याबाहेरच्या तरुणांना विकली गेली. हे कागदावरचे मुलगे. १९१० ते १९४० या काळात एंजल आयलंड या बेटावर स्थलांतर अधिकारी त्यांना गावातल्या घरांच्या रांगा, पायऱ्यांची संख्या, तांदळाच्या कोठाराची जागा विचारत आणि नातेवाइकांच्या उत्तरांशी ताडून पाहत. यात एक वेदनादायक गोष्ट घडे. खरा मुलगा पायऱ्या विसरला तर परत पाठवला जाण्याच्या धोक्यात असे आणि उत्तरे पाठ केलेला खोटा मुलगा आत जाई. जुळणे म्हणजे सत्य, ही कसोटी तत्त्वज्ञानात कितीही प्रतिष्ठित असली तरी एंजल आयलंडवर तिची मर्यादा माणसांनी भोगली. पुढे १९५६ ते १९६५ या काळातल्या कबुली कार्यक्रमात हजारो लोकांनी आपली खरी नावे सांगितली, आणि काही घराण्यांत दोन आडनावे तशीच राहिली.

दत्तक मुलांच्या बाबतीत मात्र शासन स्वतःच नोंद बदलते. दत्तकविधान पूर्ण झाले की मूळ दाखला मोहोरबंद होतो आणि नवा दाखला तयार होतो. त्यात दत्तक घेणारे आईवडील जन्मदात्यांच्या जागी असतात. मिनेसोटाने १९१७ मध्ये दत्तकविधानाच्या नोंदी सर्वांसाठी बंद करण्यास सुरुवात केली. त्यामागे अनौरसपणाचा डाग मुलावर राहू नये अशी करुणा होती. पुढे बहुतेक राज्यांत बंदी स्वतः त्या मुलालाही लागू झाली. अलास्का आणि कॅन्सस यांनी ती कधीच लावली नाही. या प्रमाणित प्रतीतला जन्मदात्यांचा रकाना जन्माची साक्ष देत नाही, तो एक नाते घोषित करतो. नाते खरे असते, पण त्याला जन्माच्या घटनेचे रूप दिलेले असते.

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायातली सत्यकामाची कथा या ठिकाणी आठवावी अशी आहे. गुरूकडे जाण्याआधी तो आईला गोत्र विचारतो. जबाला सांगते की तारुण्यात अनेकांच्या सेवेत असताना तो झाला, गोत्र तिला ठाऊक नाही, तेव्हा त्याने आपले नाव सत्यकाम जाबाल सांगावे. तो हारिद्रुमत गौतमाला हेच जसेच्या तसे सांगतो, आणि गुरू त्याला सत्य न सोडल्याबद्दल स्वीकारतो. जबालेला जेवढे ठाऊक होते तेवढेच तिने सांगितले, आणि तिच्या साक्षीतली रिकामी जागा कोणी दुसऱ्या नावाने भरली नाही. दत्तक प्रौढांची मागणी याच जातीची आहे. त्यांना वाढवणाऱ्या आईवडिलांचे नाव पुसायचे नसते. ज्या खोलीत आपण जन्मलो, तिथल्या साक्षीदारांनी काय लिहून ठेवले तेवढे त्यांना वाचायचे असते. जन्मदात्या आईला दिलेल्या गुप्ततेच्या आश्वासनाचा प्रश्न खरा आहे आणि तो हलका मानता येत नाही. तरी स्वतःच्या जन्माबद्दल ऐकण्यावाचून दुसरा मार्ग नसलेल्या माणसाला तो एकमेव शब्दही नाकारणे ही फार मोठी वंचना आहे. ऑरेगनच्या मतदारांनी १९९८ मध्ये प्रौढ दत्तकांना मूळ दाखल्याची प्रत मागण्याचा हक्क दिला. न्यूयॉर्कमध्ये तो १५ जानेवारी २०२० पासून मिळाला. कॅलिफोर्नियात मात्र त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि दिलेले कारण पुरेसे आहे की नाही हे न्यायाधीश ठरवतात.